उगोरच्या पाठीची चेन

बरबँकमधला ड्वेन पिकेट पुसण्याचं काम करायचा. फरशा नव्हेत, चित्रं. जुन्या मालिकेची मूळ फिल्म आजच्या लख्ख पडद्यावर आणायची म्हटलं, की तिच्यात इतकी वर्षं दडून बसलेलं सगळं उघड्यावर येतं. अंतराळयानाला टांगून धरणारी तार, परग्रहावरच्या खडकाआडून डोकावणारा सुताराचा बूट, शुक्राच्या राणीच्या कपाळावरची टोपाची कड. जुन्या खोक्याएवढ्या टीव्हीवर यातलं काही दिसायचं नाही. सगळं कसं दुधात बुडवून काढल्यासारखं. ड्वेन एकेक चौकट उघडायचा आणि या जगातलं जे काही त्या जगात शिरलं असेल, त्याला हाकलून द्यायचा.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे 'सातव्या चंद्राची चौकी' आली. साठच्या दशकातली मालिका. तिच्यातल्या कप्तानाला विसरलेले लोक भेटतील, पण उगोरला विसरलेला माणूस अख्ख्या कॅलिफोर्नियात सापडायचा नाही. ताडमाड, हिरवट, पोक काढून चालणारा राक्षस, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सरळ दिसणारी चेन! पोशाखाची चेन लपवायला विसरले म्हणून सगळा देश हसला होता. अजूनही चाहत्यांच्या मेळाव्यांना लोक पाठीला खोटी चेन चिकटवून येतात आणि एकमेकांना ओढून दाखवायला सांगतात.

"तारा पूस, बूट पूस," मार्सी ओलाफसननं बजावलं होतं. या सगळ्या कामाची मुखत्यारी तिच्याकडे. "पण चेनला हात लावलास ना ड्वेन, तर लोक माझी सालटी काढतील. आणि मग मी तुझी काढेन."

ड्वेननं उगोरचा पहिला पाठमोरा शॉट उघडला. चेन नव्हतीच.

त्यानं चित्र मोठं केलं. जिथं टीव्हीवर चेन दिसायची तिथं बारीक काट्यांची रांग होती. उगोर श्वास घ्यायचा तेव्हा काटे उभे राहायचे, सोडायचा तेव्हा मिटायचे. बाहेर भर दुपारचं ऊन रस्त्यावरचं डांबर वितळवत होतं आणि आत, पडदे ओढलेल्या खोलीत, ड्वेनचे तळहात गार पडले. त्यानं समोरून घेतलेला शॉट लावला. उगोरची पापणी मिटली. वरून खाली नाही. डावीकडून उजवीकडे, काचेवरून ओला हात फिरवावा तशी.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण पुसणाऱ्याच्या डोळ्याला कोपरे धुंडाळायची खोड असते. एका भागात, मागच्या बाजूला, हिरव्या गणवेशातला एक किरकोळ नट होता. गालावर तीळ, मोठे कान. कप्तान पुढे भाषण ठोकत होता आणि हा गडी मागं उगोरच्या पाठीकडे टक लावून बघत होता. मग त्यानं बोट पुढं करून एका काट्याला हात लावला. उगोरनं हळूच मान वळवली. तेवढ्यात शॉट संपला. पुढच्या शॉटमध्ये तो नट नव्हता. ड्वेननं पुढचे सगळे भाग पालथे घातले. ते मोठे कान पुन्हा कुठं दिसले नाहीत.

त्यानं मार्सीला बोलावून आणलं.

"खाल्लीस ना चेन?" पडद्यावर नजर जाताच ती दारातूनच ओरडली.

"अगं, मी हात नाही लावला. ती नव्हतीच. ते काटे आहेत, ते श्वास घेताहेत."

"रबर दिव्यांनी तापलं की फुगतं. साठ सालचे दिवे म्हणजे भट्ट्या."

"आणि पापणी?"

"ड्वेन, सुट्टी हवी असेल तर सरळ माग. लहानपणापासून मी स्वतःच्या डोळ्यांनी चेन बघत आलेय, माझी आई बघत आलीय. गुमान परत घाल. आणि शुक्रवारच्या आत. व्हर्नन टल येताहेत, नव्या संचासाठी आठवणी सांगायला."

"कोण टल?"

"कोण काय कोण! उगोर!"

"तो माणूस जिवंत आहे?"

"नव्वदी उलटलीय, पण ठणठणीत आहेत म्हणे."

ड्वेनची झोप उडाली. त्या पाठीला हात लावणाऱ्याचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं, किंवा पाहिलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. आता उगोरला एवढंच वाटायला हवं होतं, की ड्वेननंही साऱ्या देशासारखी चेनच पाहिली. त्यानं जीव ओतून चेन रंगवली. पितळेचे दात, त्यांवर दिव्यांची तिरीप, टोकाला छोटासा पत्रा. काट्यांचा मागमूस ठेवला नाही.

शुक्रवारी टल आले. वाकूनच दारातून आत आले. बाहेर माणसं घामानं चिकचिकीत झाली होती, आणि यांच्या गळ्यात लोकरी मफलर, हातात मोजे, डोळ्यांवर काळा चष्मा. अंगाला विहिरीतल्या शेवाळासारखा वास.

"मिस्टर टल, डोनट घ्या ना," मार्सी नुसती पाघळत होती. "मला सांगा, तो पोशाख घालायला किती वेळ लागायचा हो?"

"घालायला नाही लागायचा, बाई," टल म्हणाले. "घरी जायच्या वेळी माणसाचा घालायला मात्र तास जायचा."

मार्सी टाळी वाजवून हसली. ड्वेनही हसला, पण त्याचं तोंड तेवढं हसलं. तेवढ्यात मार्सीचा फोन वाजला आणि ती दार ओढून बाहेर गेली.

"लाव बाळा," टल म्हणाले.

ड्वेननं शॉट लावला. उगोर पाठमोरा चालत गेला, चेन लखलखली. टल पडद्याला नाक लागेल इतके पुढं झुकले.

"ही मूळचीच का रे?"

"मूळचीच हो. मी नुसती धूळ पुसली."

"छान आहे. फार छान आहे." त्यांनी मोजा घातलेलं बोट चेनवरून फिरवलं. "पण काय आहे बाळा, आमच्या स्टुडिओच्या शिवणखात्यात चेनला बंदी होती. दिव्याखाली चमकते म्हणून. राणीपासून राक्षसापर्यंत सगळ्यांना हूक. लोक चेन चेन म्हणून हसायचे आणि मी निवांत झोपायचो. जो चेन बघतो, त्यानं काही बघितलेलं नसतं. पण जो बसून चेन रंगवतो..."

ड्वेननं खुर्ची मागं सरकवली. "मी कुणाला सांगणार नाही, मिस्टर टल."

"तो मोठ्या कानांचाही हेच म्हणाला होता."

टलनी चष्मा काढला. पापणी डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली. आणि ड्वेनच्या ध्यानात आलं, की त्या डोळ्यांतही भीतीच आहे; आणि घाबरलेल्या जनावराशेजारी बसण्याइतकी धोक्याची जागा दुसरी नाही.

"अजून पुष्कळ भाग आहेत," तो कसाबसा म्हणाला. "प्रत्येकात तुमची पाठ आहे. पापण्या आहेत. सगळं झाकावं लागेल. हे माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. दुसरा कुणी आला तर तोही सगळं बघणार."

टल विचार करू लागले. मफलरखाली काहीतरी उभं राहिलं आणि मिटलं.

"आणि सगळं झाकून झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

 दार उघडलं आणि मार्सी आत आली. पडद्यावरची चेन बघून तिनं ड्वेनच्या पाठीवर थाप मारली. "वा! हीच ती! मिस्टर टल, तुम्ही रोज येऊन याच्या शेजारी बसाल का? म्हणजे चूक व्हायला नको."

"आनंदानं," टल म्हणाले आणि त्यांनी खुर्ची ड्वेनला चिकटवून घेतली.

लोक विचारतात, 'सातव्या चंद्राची चौकी'चा नवा संच जाहीर होऊन किती उन्हाळे गेले, तो दुकानात का येत नाही? मार्सी दाराबाहेर उभी राहून ओरडते, वकील फोन करतात, चाहते शिव्या घालतात. ड्वेन पडदे ओढून चेनचा एकेक दात वेगळा रंगवतो, मग पुसतो, मग पुन्हा रंगवतो. "दर्जाचं काम आहे," एवढंच बोलतो. त्याच्या मानेवर गार, शेवाळी श्वास येत राहतो. टलना घाई नसते. ड्वेनला तर त्याहून नसते.