काळ्या आमटीचा लाल नमुना

चहा मला अडुसष्ट अंश सेल्सिअसला आवडतो. हे अंदाजाने सांगत नाही. एकदा प्रयोगशाळेतला थर्मामीटर चुकून पर्समध्ये राहिला होता, तेव्हा माळीवाडा स्टँडबाहेरच्या टपरीवर मी तो कपात बुडवून पाहिला. टपरीवाला मला अन्न खात्यातली समजला. दुसऱ्या दिवसापासून तो माझा कप दोनदा विसळायचा, फडक्याने पुसायचा आणि घाईघाईने अर्धा उकळलेला चहा समोर ठेवून माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. शेवटी मीच टपरी बदलली.

उसाचा रस मला बर्फाशिवाय लागतो. भेळेत कैरी असेल तर चिंच नको, दोन आंबट चवी एकमेकींना खातात. वडापावातला वडा मी आधी खाते आणि पाव नंतर. माझा नवरा नृसिंह याला रानटीपणा म्हणतो, पण तो स्वतः पोह्यांवर दूध घेतो, त्यामुळे त्याच्या मताला मी फार वजन देत नाही.

या आवडींबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. नागापूर एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं अन्नपदार्थ तपासते. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, "सुनीती, बाहेरचं काय खाल्लेलं चालतं गं?" मी सांगते, "काहीच नाही." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आसारामभाऊंच्या पत्र्याखाली जाऊन बसते.

आसाराम आणि केशरबाई हे नवरा-बायको पाथर्डीकडचे. आठ हंगाम ऊसतोडीला गेले, मग केशरबाईंची कंबर धरली तेव्हा कोयता ठेवून इथे रस्त्याकडेला चूल मांडली. हॉटेलला नाव नाही. चार बाकं, एक पिंप, बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. कांदा आणि सुकं खोबरं केशरबाई थेट निखाऱ्यावर भाजतात, पार काळं होईपर्यंत. वर दगडफूल. आमटीचा रंग पावसाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखा, आणि चव अशी की पहिल्या घासाला मी दर वेळी गप्प होते.

मी सहा वर्षं तिथे जेवते आहे. घरून आणलेला डबा केशरबाई खातात.

"दोडका हाय व्हय आज? आजारी मानसाचं जेवन हाय म्याडम तुमचं," त्या म्हणायच्या आणि सगळं संपवायच्या. "पन पोटाला बरं वाटतं बगा."

त्या आमटीचा एक थेंबही मी कधी तपासला नाही. प्रयोगशाळा तीनशे मीटरवर होती. उत्तर नको असेल तर प्रश्न विचारू नये, हे माझ्या धंद्यात चालत नाही. जेवताना चालतं.

गेल्या दोन वर्षांत आसपासच्या कारखान्यांनी आपापली कँटीनं काढली. कामगार आतच जेवायला लागले आणि आसारामभाऊंची बाकं रिकामी पडू लागली. पोळा झाल्यावर मुकादमाचे फोन सुरू झाले. वाल्मिक नावाचा त्यांच्याच गावचा मुकादम. येताय की नाही, दसऱ्याच्या आत सांगा, टोळी भरतेय. केशरबाई फोन वाजला की परातीत पीठ जोरात मळायच्या. बावन्नाव्या वर्षी त्या कमरेने मोळ्या कशा उचलणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि फोन करणाऱ्यालाही.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या मोठ्या कंपनीचं कँटीन चालवायला द्यायचं निघालं. आसारामभाऊंनी अर्ज केला. अटी दोन होत्या. कंपनीची समिती एक पदार्थ चाखून पाहणार, आणि त्याच पदार्थाचा थोडा भाग सीलबंद होऊन तपासणीला जाणार.

"आमटीच करणार ना?" मी विचारलं.

"दुसरं काय येतंय आपल्याला?" आसारामभाऊ म्हणाले.

नमुने आमच्याकडेच आले. चार डबे, नावं नाहीत, फक्त अ, ब, क, ड. नियमाप्रमाणे मी तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं की यातल्या एकाकडे मी जेवते. मी नाही सांगितलं. डब्यांवर नावं नाहीत, मग हितसंबंध कुठला, असं मी स्वतःला समजावलं. आणि झाकणं काढल्याबरोबर 'क' ओळखला. काळपट, दाट, वर तेलाची बारीक कडा. केशरबाईंचाच. माझी सहकारी धनश्री, जी दुपारी प्लॅस्टिकच्या कपातल्या शेवया खाते, तिला मी सांगितलंसुद्धा, "बघ, आमटी अशी असते."

'ड' नारिंगी-लाल होता. लग्नातल्या पंगतीत वाढतात तसा, काजूची पेस्ट, वर बोटभर तूप.

"कुणीतरी चमकवलंय," मी धनश्रीला म्हणाले. "ज्यांना स्वयंपाक येत नाही ते रंग घालतात."

रंगाची चाचणी जुनी आणि सोपी आहे. रश्शाचा अर्क आम्लात घेऊन त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळायचा. मिरचीचा रंग लोकरीला धरत नाही, धुतला की जातो. कृत्रिम रंग चिकटून बसतो. 'ड'मधून धागा बाहेर काढला तो कुंकवासारखा लाल. पुन्हा पुन्हा धुतला तरी तसाच. मिठाईत असा रंग ठरावीक प्रमाणात चालतो, आमटीत अजिबात नाही. मी 'ड' नापास केला आणि खाली सही केली. सही करताना मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

शुक्रवारी जेवायला गेले तर आसारामभाऊ बाकावर बसलेले, हातात कागद.

"म्याडम, हे नापास लिवलंय का?"

कागदावर 'ड' होता. खाली माझी सही.

मी कागद हातात घेऊन 'ड' पुन्हा वाचला. मग विचारलं, "तुम्ही रंग घातलात?"

"हिनं घातला," आसारामभाऊंनी चुलीकडे मान हलवली.

केशरबाई उठून आल्या. "मग? सायबापुढं काळं ठिवायचं व्हय? कोन म्हनलं असतं, करपलंय! लग्नात आचारी टाकतो तसला रंग आनला, चिमूटभरच. काजू वाटून घातले. तूप घातलं. जे घरात न्हाई ते समदं घातलं."

"मला सहा वर्षांत एक काजू घातला नाहीत."

"तुमी घरच्या," केशरबाई म्हणाल्या. "घरच्याला कोन काजू घालतं?"

आसारामभाऊंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. "सायबांना आवडली लई. मोठे सायब दोनदा वाटी भरून प्याले. म्हनले, कलर मस्त हाय."

मी माझी चूक सांगितली. 'क' तुमचा समजले, असं म्हणाले. केशरबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"सा वर्सं जेवता, आन वळकली न्हाई?"

"रंगाने फसले."

"नाक कुटं गेल्तं?"

प्रयोगशाळेत आम्ही चाखत नाही, असं मी म्हणाले. ते खरं होतं आणि कामाचं नव्हतं.

मी म्हणाले, रोजची काळी आमटी पाठवा, माझा शब्द आहे, पास होईल. आसारामभाऊंनी लगेच कंपनीच्या केदार सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सर सभ्य माणूस. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सोमवारी पुन्हा नमुना द्या, हरकत नाही. पण समितीने जी चाखली तीच द्या. त्यांना ती लाल आवडली म्हणून तुमचं नाव पहिलं आहे. वेगळा पदार्थ आणलात तर पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे जी पास होणार होती ती कुणाला नको होती, आणि जी हवी होती ती मी नापास केली होती.

फोन ठेवला आणि लगेच दुसरा वाजला. वाल्मिक. आसारामभाऊंनी तो कट केला.

मी प्रयोगशाळेत परत गेले आणि हितसंबंधाचा फॉर्म भरला. 'संबंधाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, "आठवड्यातून पाच दिवस जेवते." साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तुम्ही? बाहेर?" चौघांचेही नमुने पुन्हा धनश्रीने तपासावेत आणि मी त्या टेबलाजवळ जाऊ नये, असं ठरलं. वर अर्धा दिवस समज देण्यात गेला, तो रास्तच होता.

आता मला मोकळीक होती. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी ब्याडगी मिरच्या घेऊन पत्र्याखाली गेले. लाल रंग आणि कागदावर पास, दोन्ही जमवायचं तर रंग मिरचीचाच हवा. तो तेलात उतरतो, पण तेल फार तापलं की जळून तपकिरी होतो. मी पर्समधून थर्मामीटर काढला. या वेळी मुद्दाम आणलेला.

"तापलेल्या मानसाला लावत्यात त्यो," केशरबाई म्हणाल्या. "तेलाला ताप आलाय व्हय?"

"यायला नको म्हणूनच लावतेय. एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका."

"आन मला समजायचं कसं, मी काय शाळा शिकलीय?"

"काडी टाकून बघा. बुडबुडे हळू आले पाहिजेत."

"हां, असं बोला की."

लाल रंग धरेना. कारण उघड होतं. बाजारी रंगाने झाकला गेलेला भाजका कांदा आता सगळं काळं करत होता. मी म्हणाले, कांदा भाजू नका, उकडून घ्या. थोडा उजळ झाला. मग खोबरं होतं, ते मी कच्चं वाटायला सांगितलं. मग दगडफूल काढायला लावलं. दर वेळी केशरबाई माझ्याकडे बघायच्या, ती वस्तू बाजूला ठेवायच्या, आणि आमटी आणखी लाल व्हायची. चौथ्या पातेल्याला ती अगदी समितीने पाहिली तशी झाली. बाजूला ताटलीत निखाऱ्यावरचा कांदा, करपलेलं खोबरं आणि दगडफूल यांचा छोटा ढीग पडला होता. मी ज्यासाठी सहा वर्षं इथे येत होते ते सगळं त्या ताटलीत होतं.

सोमवारी नमुना गेला. बुधवारी धनश्री टेबलावरून ओरडली, "मॅडम, धागा पांढरा!" मी त्या टेबलाजवळ गेले नाही. लांबून पाहिला. पांढराच होता.

कँटीन आसारामभाऊंना मिळालं.

रविवारी मी गेले तेव्हा पत्रे उतरवायचं काम चाललं होतं. आसारामभाऊ स्टुलावर उभे राहून तारा सोडत होते. चूल अजून पेटलेली होती, कारण केशरबाईंना कंपनीच्या मोठ्या पातेल्याचा अंदाज घ्यायचा होता. पातेलं एवढं मोठं की त्यांना ढवळायला पाटावर उभं राहावं लागत होतं.

फोन वाजला. आसारामभाऊंनी स्टुलावरूनच उचलला.

"न्हाई वाल्मिकभाऊ, औंदा न्हाई येत. … न्हाई, रागानं न्हाई. … काम लागलंय. … दोगांला बी. … व्हय, सावलीत."

'सावलीत' हा शब्द त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितला. पलीकडच्याने बहुतेक नीट ऐकला नव्हता. केशरबाई ढवळायच्या थांबल्या होत्या, फोन बंद झाल्यावर पुन्हा ढवळायला लागल्या.

त्यांनी मला लाल आमटीची वाटी दिली. "सांगा कशी झालीय."

ती गरम होती. तिखट पुरेसं होतं, मीठ बरोबर होतं, डाळ शिजलेली होती. मी दुसरा घास घेतला, काही सुटलं असेल म्हणून. काही सुटलं नव्हतं.

"चांगली झालीय," मी म्हणाले.

केशरबाईंनी पळीतून तळहातावर थेंब घेऊन चाटला.

"खोटं बोलता व्हय म्याडम. काय बी चव न्हाई हिला." त्या मनापासून हसल्या. "पन सायब दोन वाट्या पेतील बगा."

"आणि तुम्ही?"

"आमी कशाला पेतोय असली? आमी आमची काळी करून डब्यात न्हेनार. मागच्या खोलीत बसून खानार दोगं." मग म्हणाल्या, "तुमाला गेटातून आत न्हाई सोडनार, न्हाई का?"

"कार्ड लागतं."

"मग घरी या की. नागापुरातच खोली हाय आमची, मारुतीच्या मागं. कवा बी या, भाकरी असतीच."

सहा वर्षांत मी त्यांची खोली कुठे आहे हे विचारलं नव्हतं. त्यांनीही माझं घर विचारलं नव्हतं. "नक्की येते," मी म्हणाले, आणि बोलतानाच मला कळलं की जाणं होईल का, हे न मोजताच मी बोलले आहे.

"म्याडम, हातात काय न्हाई ना?" आसारामभाऊंनी वरून विचारलं. "त्या ताडपत्रीचं टोक धरा जरा."

मी वाटी खाली ठेवली आणि टोक धरलं. ताडपत्री जुनी होती, धुराने चिकट झालेली. आम्ही दोघांनी ती मधून दुमडली, पुन्हा दुमडली. माझ्या बाजूच्या कडा जुळल्या नाहीत म्हणून मी म्हणाले, थांबा, परत घेऊ.

"असू द्या," ते म्हणाले, "टेम्पोत तर टाकायचीय."

तरी मी परत घेतली.