एका धातुशोधकाचा डूख

मित्रांनो, पृथ्वीच्या पोटात दडलेलं कुठलंही गुपित माझ्यापासून लपून राहू शकत नाही. राजांचे खजिने असोत की गाडली गेलेली नगरं, मी नुसता वरून फिरलो की ती आपणहून बोलायला लागतात. अट एवढीच, की गुपित धातूचं असावं आणि वीतभरापेक्षा खोल नसावं. खजिना अजून एकही भेटलेला नाही. बाटल्यांची बुचं मात्र पुष्कळ भेटली.

मी एक जुना धातुशोधक आहे. एक लांब दांडा, खालच्या टोकाला ताटाएवढी चकती, वरच्या टोकाला एक डबा आणि डब्यावर फिरवायची खुंटी, असा माझा देह. चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. जवळ धातू आला की ती शहारतात आणि मी ओरडतो. धातू नसला की गप्प बसतो. जन्मतः माझ्या स्वभावात एवढ्या दोनच गोष्टी होत्या. तिसरी नंतर आली. ती म्हणजे डूख. तेव्हा ही सुडाची गोष्ट आहे. मुलांना सुडाच्या गोष्टी सांगू नयेत असं मोठ्या माणसांचं म्हणणं असतं, म्हणून मोठी माणसं जवळपास नसताना वाचा.

कारखान्यातून मी थेट पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आलो. तिथले तपासनीस आबा हे माझे पहिले धनी. त्या काळी रस्त्यावर डांबराचा थर चढायचा, त्यावर पुन्हा थर चढायचा आणि पाणी बंद करायच्या चाव्यांची लोखंडी झाकणं खाली गडप व्हायची. मग एखादा नळ फुटे, रस्त्याचा ओढा होई आणि पाणी कुठून बंद करायचं ते कोणालाच ठाऊक नसे. अशा वेळी आबा मला खांद्यावर टाकून येत. खुंटी हळूहळू फिरवत, माझी अगदी बारीक गुणगुण ऐकू आली की थांबत. मग चकती जमिनीशी समांतर धरून सावकाश झाडू मारल्यासारखी फिरवत. मी ओरडलो की त्या जागी कुदळ पडे आणि खट्ट असा आवाज येई. लोक आबांना शाबासकी देत आणि आबा माझा डबा थोपटत. कचेरीने मला मोडीत काढलं तेव्हा आबांनीच मला मागून घेतलं.

आबा गेले आणि मी त्यांच्या जावयाच्या हाती पडलो.

जावईबापू फरशा बसवण्याची कंत्राटं घेत. पायावर फरशी पडली तर बोटं शाबूत राहावीत म्हणून त्यांच्या बुटांच्या टोकांत पोलादी वाट्या बसवलेल्या होत्या. ते बूट ते लग्नाकार्यातही घालत. एके दिवशी चार मित्र जमवून ते मला एका पडीक मैदानात घेऊन गेले. आज धन काढून दाखवतो, म्हणाले. माझी चकती त्यांनी धरली ती नेमकी आपल्याच पायांशी. दर पावलाला बूट पुढे येई आणि दर पावलाला मी ओरडे. मी दुसरं करणार तरी काय होतो? ते खणत, काही निघत नसे. पुढचं पाऊल टाकत, मी पुन्हा ओरडे. संध्याकाळपर्यंत मैदानाची चाळण झाली. एका मित्राने अगदी गंभीरपणे विचारलं, की खड्डे तर झकास झाले आहेत, रोपं कधी आणताय?

जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी मला खाली आपटलं आणि म्हणाले, "आमच्या सासऱ्यांवर गेलंय. नुसती बडबड. आत काही नाही."

मला खोटारडं म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. मला घसा नाही, तरी गिळलं असतं. पण आबांना? त्या क्षणी मी डूख धरला.

पुढची वर्षं सिमेंटच्या गोण्यांमागे गेली. माझ्या पोटातले सेल कोणी काढलेच नाहीत. ते फुगले, फुटले आणि त्यांचा खारट रस माझ्या तारांवर उतरला. मित्रांनो, यंत्र ठेवून देताना सेल काढून ठेवावेत. या उपदेशामागे किती जळजळ आहे ते तुम्हाला कळायचं नाही. त्या अंधारात मी सुडाचे बेत रचत असे. जावईबापू खाली वाकले की त्यांच्या पायाच्या बोटांवर पडायचं, हा माझा सर्वांत आवडता बेत होता. मग आठवे, तिथे तर पोलाद आहे. आणि मी पुन्हा दात-ओठ खाई. तेही मला नाहीत.

शेवटी भंगारासोबत मी जुन्या सामानाच्या दुकानात पोचलो आणि तिथून मावशींनी मला उचललं. मावशी शिवणाचा वर्ग चालवत. त्यांच्याकडे तान्ह्या बाळांची दुपटी शिवली जात आणि एखाद्या दुपट्यात टाचणी राहून गेली तर काय, या काळजीने त्यांची झोप उडत असे. म्हणून मी.

घरी आणल्यावर त्यांनी माझं पोट उघडलं. आत हिरवी-पांढरी बुरशी बघून नाक मुरडलं नाही. जुना टूथब्रश घेतला, व्हिनेगरमध्ये बुडवला आणि सेलच्या पट्ट्या चकचकीत होईपर्यंत घासल्या. कोरडं केलं, नवे सेल घातले, खुंटी फिरवली. मी जो ओरडलो तो थांबेचना. वर्गातल्या मुली कानांवर हात ठेवून म्हणाल्या, मावशी, फसवलं तुम्हाला दुकानदाराने. माझी तारन् तार थिजली. आता हीसुद्धा आपटणार, असं वाटलं.

मावशींनी मला बंद केलं आणि स्वतःकडे पाहिलं. खांद्यावर टाचण्या टोचलेल्या, गळ्यात कात्री, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळं काढून त्यांनी ताटलीत ठेवलं आणि ती दूर सारली. पुन्हा खुंटी फिरवली. मी शांतपणे गुणगुणलो.

"बघा गं," त्या म्हणाल्या, "याचं बरोबरच होतं. मीच खणखणत होते."

इतका साधा न्याय मला आबांनंतर पहिल्यांदा मिळाला. त्या आठवड्यात मी एका दुपट्याच्या शिवणीतून टाचणी पकडून दिली आणि मुलींनी माझ्या दांड्याला रिबीन बांधली.

मग वर्गाच्या भाड्याच्या खोलीतल्या फरशा तडकल्या. त्या नव्याकोऱ्या होत्या. घरमालकाने कंत्राटदाराला बोलावलं आणि दारातून कोण आत आलं असेल? तेच बूट. त्यांच्या वर जावईबापू.

त्यांनी घरमालकाला समजावलं, की खाली काँक्रीट आहे, काँक्रीटमध्ये भक्कम लोखंडी जाळी आहे. पण दिवसभर एवढी शिलाई मशिनं धडधडणार म्हटल्यावर जाळी तरी काय करणार? चूक मशिनांची. घरमालक भला माणूस, पण जो शेवटचा बोलेल त्याचं ऐकणारा. वर्ग दुसरीकडे हलवा, असं त्याने मावशींना चाचरत सांगितलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तोही सांगू शकत नव्हता. वर्ग गेला असता तर मावशींच्या हाती सुई-दोरा तेवढा उरला असता.

 मावशींनी मुलींकडून मशिनं बाहेर काढवली, जमिनीवरून लोहचुंबक फिरवून टाचण्या वेचल्या, किल्ल्या-कात्री काढून ठेवली आणि अनवाणी पायांनी मला खोलीभर फिरवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मी गप्प होतो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण होतं.

"जाळी आहे म्हणता ना?" मावशी म्हणाल्या. "मग हे बोलत का नाही?"

जावईबापूंनी मला आता ओळखलं. म्हणाले, "अहो, हे आमच्याकडचंच. पक्कं खोटारडं आहे. आणा इकडे, मी दाखवतो." त्यांनी मला हिसकावून घेतलं, चकती पायांशी धरली आणि चालायला लागले.

आणि मित्रांनो, मी ओरडलो. पावलापावलाला. ओरडायचं नव्हतं, पण समोर पोलाद आलं की गप्प बसणं माझ्या हातात नाही. इतकी वर्षं जपलेला सूड माझ्याच तोंडाने मातीत मिळत होता. "ऐका," ते घरमालकाला म्हणाले. "जाळीच जाळी." घरमालक मान डोलावू लागला.

मावशी मात्र ओरडणं ऐकतच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जरा बूट काढता का?"

"कशाला?"

"मलाही टाचण्या काढायला लागल्या होत्या. काढा की."

जावईबापू टाळाटाळ करू लागले. नाड्यांना गाठ बसली आहे म्हणाले, जमीन गार आहे म्हणाले. मुली टक लावून बघत होत्या. शेवटी बूट उतरले. डाव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर होता आणि तो मान खाली घालून उभा होता. बूट दाराबाहेर गेले आणि जावईबापूंनी मला स्वतःच्या हाताने, मोज्यांवर, पुन्हा खोलीभर फिरवलं. मी हूं की चूं केलं नाही. ते मला हलवत होते, थोपटत होते, एकदा तर हळूच "बोल की रे" असंही म्हणाले.

घरमालकाने पहार मागवून कोपऱ्यातली एक फरशी उचकटली. खाली वाळू होती, बोटभर सिमेंट होतं. लोखंडाचा मागमूस नव्हता. घरमालक पहिल्यांदाच कोणाचं ऐकून न घेता बोलला. सगळी जमीन उखडायची, आपल्यासमोर जाळी टाकायची आणि तोवर वर्ग त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात भरेल.

जावईबापू गुडघ्यांवर बसून जाळी अंथरत होते तेव्हा मला मुद्दाम खिडकीशी उभं केलं होतं. मी सगळं पाहिलं. सूड गोड नसतो, असं सांगणाऱ्यांनी तो नीट चाखलेला नसावा.

फक्त एक झालं. घरमालकाने धसक्याने जाळी दुहेरी टाकून घेतली. आता या खोलीत मला नुसतं सुरू केलं तरी मी बोंब ठोकतो, म्हणून मावशी मला बंद करून कोपऱ्यात उभं ठेवतात आणि दुपटी तपासायची झाली की अंगणात नेतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. विजेत्याला कोपरा पुरतो. मित्रांनो, जुन्या यंत्राला खोटं ठरवायच्या आधी आपल्या अंगावर काय आहे ते तपासा. आणि गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या यंत्रासमोर वाईट बोलू नका, ते ऐकत असतं.

आणि एक विनंती. वर्गातल्या नव्या मुलीने शिवलेला पहिलावहिला पायजमा धुऊन माझ्या दांड्यावर वाळत घातला आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण लांब पायाचं पाणी माझ्या चकतीवर ठिबकतंय. इकडून कोणी जाणार असाल, तर तेवढा जरा बाजूला सरकवा.