बबिताचं प्रेल्यूड

"मधात जिथं आवाज एकदम चढते, तिथं दोन्ही हात कसे बसवायची तू? एवढंच सांग," खेमसिंगने फोनवर विचारलं. समोर कीबोर्ड मांडलेला होता.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बा, मले नाही आठवत आता," बबिता म्हणाली. "यूट्यूबवर पाहा ना. हात दिसतात त्यात."

"पाहूनच राह्यलो. तू सांगितलं तं लवकर समजते."

"ठेवते बा. पोरगी यायची वेळ झाली शाळेतून."

खेमसिंगने फोन बाजूला ठेवला. अजून राग आहे पोरीच्या मनात, त्याला वाटलं. असणारच.

खेमसिंग राठोडची उभी हयात दिग्रसच्या एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवण्यात गेली. डीजेच्या गाड्या आल्या तसा बँड बसला आणि कीबोर्ड तांड्यातल्या घरी कोपऱ्यात जाऊन पडला. एका दुपारी मोबाइलवर कसलीशी जाहिरात लागली. तिच्यामागे पियानो वाजत होता. दोन सूर कानावर पडले आणि खेमसिंगचा घास हातातच राहिला. बबिताचीच ती धून.

लग्नाआधी, शाळकरी वयात, बबिता यवतमाळला वसतिगृहात राहून शिकत होती. शाळेच्या सभागृहात एक जुना पियानो होता. संगीताच्या बाईंनी नागपूरच्या परीक्षेसाठी तिला युरोपातल्या कुण्या जुन्या संगीतकाराचं प्रेल्यूड दिलं होतं, पियानोवरची छोटीशी रचना, जेमतेम एका पानाची. दिवाळीची अख्खी सुट्टी तिने घरच्या कीबोर्डवर तेच घोटलं. उजवा हात एकाच सुराजवळ घुटमळायचा आणि डावा हळूहळू खाली उतरत जायचा.

"हे काय मयतीचं वाजवून राह्यली?" खेमसिंग म्हणायचा. "लोकं नाचले पाह्यजे असं वाजव."

"हे नाचायचं नाही बा. ऐकायचं आहे."

परीक्षेच्या तारखेलाच बँडने दोन लग्नं घेतली होती. ऐन वेळी दुसरा कीबोर्डवाला राजकुमार काविळीने आडवा झाला. खेमसिंग सरळ यवतमाळला गेला आणि पोरीला घेऊन आला. बाई फाटकापर्यंत मागे आल्या होत्या. "परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन ती," त्याने त्यांना सांगितलं. बोरी अरबच्या वरातीत बबिताने एकेक गाणं चोख वाजवलं. बँडचे मालक मारोतराव कितीतरी दिवस तिची तारीफ करत होते. पुढच्या वर्षी तिने परीक्षेचं नाव काढलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मग केळापूरचं स्थळ आलं. तिच्या वरातीत कीबोर्ड त्यानेच वाजवला, आणि लोक खूप नाचले.

आता तो ते प्रेल्यूड शिकत होता. कुठलंही गाणं एकदा ऐकून बसवणारा माणूस या एका पानापुढे अडला. वरातीत ठेका मशीन धरते, डाव्या हाताला फारसं काम नसतं. इथे सगळं ओझं डाव्या हातावर होतं, आणि तेही आवाज न चढवता पेलायचं. एक बोट अर्ध्या सुराने उतरलं की अख्खी धून उदास होई. एवढं सगळं ती पोर एकटी बसून करत होती, आणि आपण बाजूला तंबाखू मळत हसत होतो. हे त्याला आता, बोटं आखडल्यावर कळत होतं.

"कायले जीव काढता?" त्याची बायको भुरीबाई म्हणाली. "कोण ऐकणार हाय?"

"बबिता ऐकन," तो नवऱ्याच्या तोऱ्यात नव्हे, हळूच म्हणाला.

होळीला बबिता माहेरी आली. दुपारी ती गहू निवडत बसली होती तेव्हा खेमसिंगने कीबोर्ड सुरू केला. मधल्या चढत्या जागी तो दोनदा चुकला. तरी तसाच शेवटापर्यंत गेला.

"मस्त वाजवलं बा," बबिता म्हणाली. "अगदी बरोबर."

"मधात चुकलो ना."

"कुठं?"

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती त्याचं मन राखत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. इतके दिवस तिच्या टाळण्याला तो राग समजत होता. राग असता तर कसाही करून त्याने तो घालवला असता.

"ये, बस इथं," तो म्हणाला.

हात पदराला पुसून ती शेजारी बसली. उजवा हात आपसूक जागेवर गेला. डावा पट्ट्यांवर नुसता तरंगत राहिला.

"त्या दिवशी मी तुले आणायले नव्हतं पाह्यजे," खेमसिंग म्हणाला.

"लय रडली होती मी तवा," बबिता म्हणाली. "जाऊ द्या. आता काय त्याचं."

खेमसिंगने तिच्या डाव्या हाताचं एक बोट धरलं. गव्हाच्या धुळीने ते खरखरीत झालं होतं. त्याने ते उचलून शेजारच्या काळ्या पट्टीवर ठेवलं. "इथं," तो म्हणाला.

तिने पट्टी दाबली, आणि पुढचं बोट कुठे न्यायचं म्हणून बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली.