दुसऱ्या गटातली प्रत

सर्व्हर सांभाळून पोट भरणाऱ्या बाईनं आपल्याच घरात, भरदुपारी असा घोळ घालावा, म्हणजे कमालच झाली की नाही! नणंदबाईंनी पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवलं, तो काढून वहिनीची डिस्क लावली आणि सवयीनं बाणाची कळ दाबून मघाचीच आज्ञा पुन्हा चालवली. झालं, लिनक्स डिस्कवरच उतरायला लागलं! चूक कळताच वायर उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या डिस्कवर वहिनीची बाहुल्यांची फिल्म होती. संध्याकाळी तिचा पहिला खेळ होता. दुसरी प्रत? ती काढायलाच तर बिचारीनं डिस्क आणून दिली होती.

"वन्सं, चेहरा का पडलाय?" वहिनी दारातून म्हणाली.

"वहिनी, मी तुझ्या डिस्कची सुरुवात पुसली. आधी बस, गळा मग दाब."

वहिनी मटकन बसली.

"हे बघ, डिस्कचे गट पाडलेले असतात, ब्लॉक ग्रुप. जागेचा नकाशा, फायलींच्या नोंदी, सगळं गटागटानं. अख्ख्या डिस्कचा मुख्य तपशील पहिल्या गटात असतो, तो मी उडवला. पण त्याच्या प्रती आणखी काही गटांत असतात."

"आणि माझी फिल्म?"

"एका फोल्डरच्या फायली शक्यतो एकाच गटात ठेवतात. तुझं फोल्डर पहिल्या गटात नसलं, तर वाचलो."

"आणि असलं तर?"

नणंद कीबोर्डकडे वळली. तिनं दुरुस्तीच्या प्रोग्रामला दुसऱ्या गटातली प्रत वापरायला सांगितलं. क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या, आणि तिला वेड्यासारखं हसू फुटलं. तिचं बघून वहिनीही हसायला लागली, कशाला ते न कळता.

फोल्डर परत आली, पण वरची नावं गेलेली, नुसते आकडे. पहिल्यात विजेची बिलं. दुसऱ्यात दादाचे आरशासमोर दंड फुगवलेले फोटो.

"हे मेले बरे वाचले," वहिनी म्हणाली. दोघी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात होत्या.

तिसरं उघडलं, त्यातली फाईल चालवली. लाल झग्यातली बाहुली उठली, लटपटत चार पावलं चालली. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं नणंदेला घट्ट मिठी मारली.

"आता लगेच प्रत काढते," नणंद डोळे पुसत म्हणाली.

"काढूया. पण कळा मी दाबणार."

नणंद मुकाट्यानं शेजारच्या खुर्चीवर सरकली.