अर्धा स्लॅब

"बँकेत येऊन मी तोंडी सांगतो की! कागद कशाला पाहिजे?" दुकानदार म्हणाला आणि गवंड्याच्या बायकोचं डोकंच फिरलं.

सकाळपासून ती त्याच्याच घराच्या स्लॅबसाठी पाट्या वाहत होती. नवरा वर माल पसरत होता. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि ही दोघं पोरांसकट भाड्याच्या पत्र्याखाली. तीही खोली आता सोडायची होती. घरासाठी कर्ज मागायला गेली, तर बँकेतल्या साहेबांनी कमाईचा पुरावा मागितला. ज्यांची घरं बांधली, अशा तिघांनी सहीनिशी लिहून द्यायचं, याला अमुक पैसे दिले.

डॉक्टर म्हणाले, बघू. मास्तर म्हणाले, मला लफड्यात अडकवू नका. आपलं घर केवढ्याला पडलं हे उघडं होईल, याची सगळ्यांना धास्ती. चहा मात्र प्रत्येकानं पाजला. त्या चहाची आठवण झाली तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिनं डोक्यावरची पाटी खाली आदळली.

"बसा गं सगळ्या."

पाट्या वाहणाऱ्या बाकीच्या बाया जागच्या जागी बसल्या. मिक्सर नुसताच फिरत राहिला.

"अगं, अर्धा झालाय स्लॅब!" दुकानदार ओरडला.

"म्हणूनच बसलो."

स्लॅब एका दमात पडावा लागतो. कड वाळल्यावर जोड दिला, तर तिथून जन्मभर गळतो. दुकानदाराला हे चांगलं ठाऊक होतं.

"दुसरी माणसं आणीन!"

"आणा. ऊन बघा आणि आणा."

वरून नवरा कळवळला, "अगं, कामाशी खेळू नको. माझं नाव जाईल."

"नाव! ते नाव घेऊन बँकेत गेलो, तर कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. पोरांना घेऊन रस्त्यावर झोपू का तुमच्या नावावर?"

दुकानदारानं एकदा स्लॅबच्या कडेकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे, आणि शिव्या देत खिशातून पेन काढलं. सिमेंटच्या पोत्यावर कागद ठेवून खरडलं. तिनं वाचलं आणि कागद परत केला.

"निम्मेच लिहिलेत. खरे लिहा."

खरे लिहून सही झाली, तसा तिनं कागद पिशवीत घातला आणि पहिली पाटी स्वतः उचलली. राग काही उतरला नव्हता. एका सहीसाठी भीक मागावी लागली होती, तीही आपल्याच घामाच्या पैशांचा पुरावा म्हणून.

वर पोचल्यावर नवऱ्यानं तिच्या हातातून पाटी घेतली. तिच्याकडे न बघताच हळूच म्हणाला, "डॉक्टर वरचा मजला काढतायत. पुढच्या महिन्यात स्लॅब आहे."