तीन हात चकचकीत रंग

मित्रांनो, ती परदेशी मुलगी आमच्या वर्गात आली तेव्हा तिला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. सेवेचे चाळीस तास भरल्याचं प्रमाणपत्र, कॉलेजच्या अर्जात लिहायला चार ओळी आणि माझ्यापुढे उभं राहून एक फोटो. मुलगी वाईट नव्हती. येताना पोरांना खाऊ आणला, भर दुपारी घाम गाळला. हे तिच्या बाजूला मांडूनच पुढे जातो. मी एक जुना फळा आहे. खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवरचा, सिमेंटचा.

गवंड्याने मला मुद्दाम खरखरीत ठेवलं होतं, खडू धरावा म्हणून. दर सुट्टीत बाई कोळशाची पूड कालवून माझ्या अंगाला चोळत. माझ्या डाव्या बाजूला त्यांनी खिळ्याने बारीक चौकटी कोरल्या होत्या. पोरांकडे आलेखाच्या वह्या नव्हत्या. आलेख म्हणजे काय, ते माझ्या अंगावरच शिकायची. तपासणीला आलेले साहेब एकदा चौकटींवरून बोट फिरवत म्हणाले, "बाई, डोकं चालवलंत." कौतुक बाईंचं होतं. मला उगीचच माझं वाटलं.

पहिल्या रांगेत टाचणी बसायची. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींची मुलगी. अंगाने तशीच, म्हणून हे नाव. तिला शहरातल्या निवासी शाळेची परीक्षा द्यायची होती. पास झाली तर राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिकडेच. नाही झाली तर आईबरोबर बादल्या.

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि शाळा रंगवायला त्या मुलीसह अकरा पाहुणे आले. हेडमास्तरांनी आठवडाभर वर्ग बंद ठेवले, बाईंना घरी पाठवलं. पाहुण्यांच्या देशात फळे पांढरे, काचेसारखे गुळगुळीत आणि पेनाने लिहायचे. त्या मुलीने माझ्या चौकटींवर हात फिरवला आणि काळजीने काहीतरी विचारलं. गाडीवालाच दुभाष्या होता. तो म्हणाला, "सर, भिंतीला फार भेगा पडल्यात म्हणे."

"मग बुजवा म्हणावं," हेडमास्तर म्हणाले. गेल्या सात वर्षांत ते गणिताच्या तासाला फिरकले नव्हते.

बुजवल्या. मन लावून, एकेक रेघ. वर पॉलिश पेपर आणि दाराला लावतात त्या ऑइलपेंटचे तीन हात. माझ्यात तोंड दिसायला लागलं. पोरांनी भांग पाडून घेतले.

बाई परतल्या आणि खडू टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला.

"सर, हा खरवडायला हवा."

"खरवडा. पुढच्या वर्षी ते पाहुणे बाकं द्यायला आले की तुम्हीच तोंड द्या त्यांना."

"पोरीची परीक्षा आहे हो."

"आठ दिवसांचा प्रश्न आहे, बाई. बाकं वीस वर्षं टिकतात."

बाईंनी जमिनीवर चौकटी आखल्या. पोरांच्या पायांनी त्या तासाभरात पुसल्या जायच्या. शेवटी मावशीच म्हणाल्या, "राहू द्या, बाई. येईल ते लिहील ती. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ."

आलेखाचा प्रश्न सहा मार्कांचा होता. टाचणी चार मार्कांनी राहिली. आता ती सकाळी वर्गातलं पिंप भरते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. पूर्वी खडू टेकला की मला अंगभर कळायचं. आता काहीच कळत नाही. वाईटही वाटत नाही, खरं सांगायचं तर.

मित्रांनो, कुणाची सेवा करायला जाल, तेव्हा ब्रश बुडवण्याआधी तिथे रोज राबणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबा.

हेडमास्तरांना बाकं मिळाली. गाडीवाल्याला आठवड्याचं भाडं मिळालं. रंगाची किंमत अकरा पाहुण्यांनी वाटून भरली. उरलेली टाचणीने एकटीने.