नुसतीच टकटक

कॅनडातल्या सस्काटूनचे निवृत्त इंजिनिअर स्वानंद कारखानीस घराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडले. मानेच्या मणक्याला मार बसला आणि बोटं जवळजवळ निकामी झाली. म्हणून त्यांनी युनिव्हर्सिटीतल्या एका प्रयोगात नाव घातलं. डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय झटके द्यायचे आणि लगेच बोटांचा व्यायाम करायचा, असा तो प्रयोग होता.

विंटर सरेपर्यंत स्वानंदराव चमच्याने स्वतः वरणभात खाऊ लागले. घरी येईल त्याला ते मेंदूच्या लहरींवर व्याख्यान देत.

प्रयोग संपला तेव्हा संशोधक मेगन म्हणाली, "तुम्ही तुलनेच्या गटात होता. तुमची कॉइल नुसतीच टकटक करायची. झटका देत नव्हती."

"म्हणजे मला फसवलं?" स्वानंदराव भडकले.

"असं होऊ शकतं, हे आम्ही आधीच सांगितलं होतं," मेगन ओशाळून म्हणाली.

त्यांच्या बायकोला, उल्काताईंना, हसू आवरेना. "अहो, मग चमचा उचलला तो तुमच्याच मेहनतीने! चिडताय कसले?"

स्वानंदराव बोटं उघडून-मिटून बघत मेगनला म्हणाले, "मग आता खरी कॉइल लावा. तबला शिकायचा राहिलाय माझा."